दिल्लीच्या सराया: दरवाजे राखले, ओवऱ्या गेल्या

दिल्लीहून आग्र्याला आणि लाहोरला जाणाऱ्या जुन्या शाही रस्त्यांवर मुक्कामामुक्कामाला सराया होत्या. त्यांची रचना बहुधा एकसारखी असे. चौकोनी आवार, भोवती उंच भिंत, भिंतीला आतून लागून कोठड्यांच्या रांगा, प्रत्येक कोठडीपुढे कमानीची ओवरी, पटांगणात विहीर, एका अंगाला मशीद आणि समोरासमोर दोन मोठे दरवाजे. सतराव्या शतकात हिंदुस्थानात आयुष्य घालवलेल्या निकोलाओ मनुची या व्हेनिसच्या प्रवाशाने तिथला दिनक्रम लिहून ठेवला आहे. संध्याकाळी दरवाजे बंद होत. पहाटे पहारेकरी तीनदा पुकारा करी आणि प्रत्येकाने आपापले सामान तपासून घ्यावे असे सांगे. कुणाची वस्तू हरवली असेल, तर ती सापडेपर्यंत दरवाजा उघडत नसे. अनोळखी माणसाला एका रात्रीपुरते छप्पर, पाणी आणि जिवाची हमी देणारी ही इमारत होती.

दिल्ली आणि तिच्या भोवतीच्या राजधानी क्षेत्रात अशा सराया पुष्कळ होत्या. आज त्यांची नावे गावांना उरली आहेत: युसुफ सराय, कटवारिया सराय, बेर सराय, जिया सराय, कालू सराय, लाडो सराय, नेब सराय, शेख सराय, सराय काले खान, सराय रोहिल्ला, फरिदाबादच्या बाजूला सराय ख्वाजा, गुरुग्रामला सराय अलावर्दी. इमारती मात्र फार थोड्या आहेत, आणि आहेत त्यांपैकी बहुतेक ठिकाणी उभे आहेत ते केवळ दरवाजे. उत्तरेला लाहोरच्या रस्त्यावरील बादली की सराय ८ जून १८५७ च्या लढाईमुळे इतिहासात राहिली. जागेवर तिचे दरवाजे तेवढे आहेत. कर्नाल जिल्ह्यात घरौंडा येथे शाहजहानच्या काळातील सराईचे देखणे दरवाजे राष्ट्रीय संरक्षित स्मारक आहेत, आतले आवार नाहीसे झाले. मथुरा रस्त्यावर बदरपूरची तीच गत. दरवाजा राखायचा आणि कोठड्या जाऊ द्यायच्या ही रीत इतकी रुळली आहे, की तिच्या समर्थनार्थ आता रीतसर युक्तिवाद केला जातो. सराया साध्या बांधणीच्या होत्या, त्यांत कला नव्हती, तो धर्मादाय नव्हता, धंदा होता, त्यांचा उपयोग संपला, त्या संरक्षित केल्या तर गावकऱ्यांची घरे अडकतील आणि नमुन्यादाखल दरवाजा पुरे, असे हे म्हणणे आहे. त्यातला एकच आक्षेप गंभीर आहे. बाकीचे पुराव्यासमोर टिकत नाहीत.

साधेपणाचा आक्षेप सर्वांत जुना आणि सर्वांत परिणामकारक. त्याचे मूळ पुरातत्त्व खात्याच्या वर्गवारीतच सापडते. १९१६ ते १९२२ या काळात मौलवी जफर हसन यांच्या देखरेखीखाली दिल्ली प्रांतातील मुस्लिम आणि हिंदू वास्तूंची चार खंडांची यादी प्रसिद्ध झाली. तिच्यात तेराशेहून अधिक वास्तूंची नोंद आहे आणि दिल्लीच्या अभ्यासकाला आजही तिच्यावाचून पाऊल टाकता येत नाही. या यादीतील प्रत्येक वास्तूला वर्ग दिलेला होता. पहिला वर्ग कायम डागडुजीत ठेवण्याच्या वास्तूंचा, दुसरा अधिक पडझडीपासून वाचवण्याजोग्यांचा, आणि तिसरा, पडझडीमुळे किंवा तुलनेने कमी महत्त्वामुळे, ज्यांचे जतन अशक्य वा अनावश्यक आहे अशांचा. या तिसऱ्या वर्गाने दिल्लीचे जेवढे नुकसान केले तेवढे एखाद्या स्वारीनेही केले नसेल. कारण कमी महत्त्व ठरवताना मोजपट्टी मकबऱ्याची आणि मशिदीची होती. घुमट, संगमरवर, शिलालेख, नक्षी यांत बसेल ते मोठे. जिथे सामान्य माणूस निजला, जिथे त्याने बैल बांधला आणि चूल मांडली, त्या जागेला या मोजपट्टीत स्थानच नव्हते.

स्वतंत्र भारताच्या कायद्याने मात्र ही मोजपट्टी स्वीकारलेली नाही. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात किमान शंभर वर्षे अस्तित्वात असलेल्या आणि ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलात्मक महत्त्व असलेल्या वास्तूला स्मारक म्हटले आहे. ही तीन महत्त्वे पर्यायी आहेत. कलात्मक महत्त्व नसेल तर ऐतिहासिक महत्त्व पुरते. सराईला ऐतिहासिक महत्त्व नाही असे म्हणणाऱ्याला मग इतिहास म्हणजे फक्त राजांच्या थडग्यांचा इतिहास असे म्हणावे लागेल, आणि तसे उघडपणे कुणी म्हणत नाही.

शिवाय साधेपणाचा आरोपही पुरता खरा नाही. सराईची बांधणी पुनरावृत्तीवर उभी असते. एकच कोठडी, एकच कमान, पन्नास वेळा, शंभर वेळा. दरवाजा सुटा उभा केला तर ती पुनरावृत्ती दिसत नाही, आणि दरवाजाचा अर्थही कळत नाही. घरौंड्याच्या दरवाजाची भव्यता ज्या आवारासाठी होती ते आवारच नाही, त्यामुळे पाहणाऱ्याला तो एखाद्या हरवलेल्या किल्ल्याचा भाग वाटतो. दिल्लीचे प्राणिसंग्रहालय आणि सुंदर नर्सरी यांच्या सीमेवरील अजीमगंज सराय याच्या उलट उदाहरण आहे. ही मुघलकालीन सराय दीर्घकाळ पडीक होती, पण तिच्या कोठड्यांच्या रांगा शाबूत राहिल्या, आणि अलीकडे आगा खान सांस्कृतिक न्यासाच्या मदतीने तिची दुरुस्ती हाती घेण्यात आली. पटांगणाच्या मध्यावरून चारी बाजूंच्या ओवऱ्या एकाच वेळी नजरेत येतात तेव्हा सराई म्हणजे काय हे कळते. सुट्या दरवाजासमोर कितीही वेळ काढला तरी ते कळत नाही.

सराई हा धर्मादाय नव्हताच, असे सांगणारे इतिहासाचाच आधार घेतात. सराई चालवणारे भटियारे स्वयंपाकाचे पैसे घेत, खाटेचे पैसे घेत. व्यापारी काफिले तिथे उतरत. राजाला टपाल, सैन्य आणि महसूल यांसाठी रस्ते सुरक्षित हवे होते. १६०५ मध्ये गादीवर येताच जहांगीरने काढलेल्या बारा फर्मानांपैकी एकात चोरांचा उपद्रव असलेल्या निर्जन वाटांवर सराया, मशिदी आणि विहिरी बांधण्याची आज्ञा आहे. हेतू वस्ती वाढवण्याचा आहे. त्याचाच खजिनदार शेख फरीद याने १६०७ मध्ये रस्त्याच्या रक्षणासाठी फरिदाबाद वसवले. हे सगळे खरे आहे. पण त्यातून निघतो तो निष्कर्ष एवढाच, की परोपकार आणि राज्यव्यवहार यांची त्या काळी फारकत नव्हती. फिरोजशाह तुघलकाचा चरित्रकार शम्स सिराज अफीफ सांगतो, की सुलतानाने दिल्ली आणि फिरोजाबादेत १२० खानकाहा, म्हणजे सूफी मठ, बांधल्या. प्रत्येक ठिकाणी पाहुण्याला तीन दिवस राहता येई, म्हणजे परक्या माणसाला वर्षाचे ३६० दिवस सरकारी पाहुणा म्हणून काढता यावेत. शेरशाह सूरने दर दोन कोसांवर सराई बांधली, अशा एकंदर १७०० बांधल्या, असे अब्बास खान सरवानी लिहितो. दारापाशी पाण्याचे रांजण, हिंदू प्रवाशांसाठी वेगळी सोय आणि त्यांना गरम-थंड पाणी व अंथरूण देण्यासाठी नेमलेले ब्राह्मण, जनावरांना दाणा, असा तपशीलही तो देतो. आकड्यांत दरबारी अतिशयोक्ती असू शकते. पण राजाची थोरवी सांगताना चरित्रकाराला उतारूच्या पाण्याचा रांजण आठवावा, ही गोष्ट त्या समाजाच्या मूल्यांविषयी पुरेशी बोलकी आहे. अकबराने १५८३ मध्ये गरीब हिंदूंसाठी धर्मपुरा, मुसलमानांसाठी खैरपुरा आणि जोग्यांसाठी जोगीपुरा अशी अन्नछत्रे काढल्याची नोंद बदायुनीने केली आहे, आणि बदायुनी अकबराचा भाट नव्हता.

भटियाऱ्याला दिलेले चार पैसे रांधण्याचे आणि खाटेचे होते. भिंत, विहीर, छप्पर आणि पहारा यांचा खर्च दात्याने आधीच केलेला असे. महाराष्ट्रातल्या देवस्थानांच्या ओवऱ्यांतही वाणसामान वाटसरूने आपले आणावे आणि जागा मात्र फुकट मिळावी अशीच रीत होती, म्हणून कुणी तिला धंदा म्हटले नाही.

याच आक्षेपाची दुसरी बाजू फ्रान्स्वा बर्नियेच्या नावाने मांडली जाते. औरंगजेबाच्या काळात इथे राहिलेल्या या फ्रेंच वैद्याने हिंदुस्थानातील सरायांना धान्याच्या कोठारासारख्या म्हटले आहे. माणसे आणि उंट-घोडे एकत्र, उन्हाळ्यात गुदमरायला होणार, थंडीत जनावरांच्या श्वासाचीच काय ती ऊब. अशा जागांचे कौतुक कशाला, असा प्रश्न त्यावरून विचारतात. पण त्याच बर्नियेने १ जुलै १६६३ च्या दिल्लीहून लिहिलेल्या पत्रात जहांआरा बेगमने चांदणी चौकात बांधलेल्या सराईचे वर्णन केले आहे, आणि ते सोयीस्करपणे वगळले जाते. दुमजली, कमानींची, सज्जांची ही सराई पाहून त्याला पॅरिसचा ‘प्लास रॉयाल’ हा चौक आठवला, आणि पॅरिसमध्ये अशा वीसेक इमारती असत्या तर नव्याने आलेल्या परक्याला सुरक्षित आणि परवडणारा निवारा शोधताना इतके हाल सोसावे लागले नसते, असे त्याने लिहिले. १८५७ नंतर इंग्रजांनी ती सराई पाडली आणि १८६० च्या दशकात तिच्या जागी टाउन हॉल उभारला. टाउन हॉल आज वारसा म्हणून ओळखला जातो. पाडलेल्या सराईचा आराखडा कुणाच्या डोळ्यांसमोर नाही, म्हणून तिच्याविषयी कुणी हळहळतही नाही.

अलीकडे आणखी एक आक्षेप येतो आणि तो सामाजिक न्यायाच्या भाषेत येतो. या जागांत भेदाभेद होता, वेगळ्या सोयी, वेगळी भांडी, काहींना तर उंबरठाच बंद, मग अशा वास्तूंना सन्मान का द्यावा? वस्तुस्थिती म्हणून हे बरोबर आहे, आणि मराठी वाचकाला ते पढवण्याची गरज नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी मंजूर करून घेतलेल्या ठरावात सार्वजनिक पाणवठे आणि विहिरी यांच्याबरोबर धर्मशाळांचाही स्पष्ट उल्लेख आहे. महाडच्या तळ्याकडे जाणारी वाट त्या ठरावातून निघाली. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना यांची नावे घेऊन तिथली बंदी गुन्हा ठरवली आहे. म्हणजे या इमारती एका मोठ्या लढ्याचे रणक्षेत्र आहेत. रणक्षेत्र नाहीसे केल्याने लढा उजळत नाही. गाडगे महाराजांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली ती इतरत्र ज्यांना उतरू देत नसत त्यांच्यासाठी, आणि १९४९ मध्ये ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी सोपवली. भेदाचा इतिहास आणि त्याचे उत्तर अशा दोन्ही गोष्टी दाखवणारी वास्तू सुंदर मकबऱ्याइतकीच, किंबहुना अधिक, जपण्याजोगी असते.

उपयोग संपल्याचा मुद्दा दिल्लीत मांडला जावा, याचे आश्चर्य वाटते. कारण निवाऱ्याची गरज जिथे रोज रात्री रस्त्यावर दिसते असे हे शहर आहे. युसुफ सरायच्या समोर अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, म्हणजे एम्स, उभी आहे. बिहार, उत्तर प्रदेश, हरयाणा इथून आलेल्या रुग्णांचे नातेवाईक तिथल्या पदपथावर आणि भुयारी मार्गात रात्र काढतात. हे चित्र अनेक वर्षे बदललेले नाही. एम्सच्या आवारात विश्रामसदने आहेत, ती अपुरी पडतात. झज्जर जिल्ह्यातील बाढसा गावी राष्ट्रीय कर्करोग संस्था उभी राहिली तेव्हाही रुग्णाबरोबर आलेल्यांचा प्रश्न सुटेना, म्हणून इन्फोसिस फाउंडेशनने तिथे ८०६ खाटांचे विश्रामसदन बांधले आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. एकविसाव्या शतकात, राजधानीच्या क्षेत्रातल्या एका खेड्यात, दात्याच्या पैशाने वाटसरूसाठी बांधलेली ही सराईच आहे. मुंबईत टाटा रुग्णालयात येणाऱ्या खेडोपाडीच्या कर्करोगग्रस्तांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आजही आसरा देते.

बेघरांची कथा आणखी कठोर आहे. मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक कायमचा निवारा हवा, हे मान सर्वोच्च न्यायालयापुढील अन्नाच्या हक्काच्या प्रकरणातून २०१० नंतर रूढ झाले. दिल्लीत हे काम त्याच वर्षीच्या कायद्याने स्थापन झालेल्या दिल्ली नागरी निवारा सुधार मंडळाकडे आहे, आणि मंडळाचे कितीतरी रैन बसेरे पत्र्याच्या पोर्टा केबिनमध्ये चालतात. हिवाळ्यात तंबू ठोकावे लागतात. २०२३ च्या फेब्रुवारीत सराय काले खान येथील रैन बसेरा पाडण्यात आला. ज्या गावाचे नावच सराईवरून पडले तिथे बेघरांचा निवारा जमीनदोस्त व्हावा, आणि त्याच शहरात जुन्या सरायांचा उपयोग संपला म्हणून त्यांचे जतन नको असे म्हटले जावे, या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की दुसरे विधान किती पोकळ आहे ते दिसते.

जिया सराय, कटवारिया सराय आणि बेर सराय या गावांकडे पाहिले तरी हेच आढळते. आयआयटी आणि जेएनयूच्या कुशीतल्या या गावांत स्पर्धा परीक्षांसाठी बाहेरगावाहून आलेली मुले वर्षानुवर्षे स्वस्त खोल्यांत राहतात. अरुंद जिने, हवा-उजेड नसलेल्या खोल्या, एकमेकांना टेकलेल्या इमारती अशी ती व्यवस्था आहे. परक्याला जागा देण्याचे गावाचे काम चालूच आहे, फक्त ज्या आराखड्यात मध्ये मोकळे पटांगण होते, हवा खेळत होती, पाणी सगळ्यांचे होते, तो आराखडा मोडून ते चालले आहे. जुन्या सराईतून आजच्या वसतिगृहाच्या रचनाकाराला शिकण्यासारखे आहे, आणि ते पाहायला सराई उभी असावी लागते. छायाचित्रे आणि नकाशे काढून ठेवा म्हणजे झाले, या सूचनेलाही यातच उत्तर आहे. मोजणीचा नकाशा आवश्यकच असतो. पण मे महिन्यातल्या दुपारी जाड भिंतीच्या कोठडीत बाहेरपेक्षा किती गारवा असतो हे नकाशावरून अंगाला कळत नाही.

आता गंभीर आक्षेप. तो गावकऱ्यांचा आहे, आणि त्यांच्या बाजूने पाहिल्यास न्याय्य आहे. १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीने राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगीची अट आली. सराई गावाच्या ऐन मध्यात असते. कित्येक ठिकाणी कोठडीची मागची भिंत आज कुणाच्या तरी स्वयंपाकघराची भिंत आहे. अशा वास्तूवर राष्ट्रीय स्मारकाचा फलक लावला, तर ३०० मीटरच्या वर्तुळात सगळे गाव सापडते आणि घरात शौचालय बांधायलाही परवाना लागतो. याच भीतीपोटी अनेकदा जुनी भिंत रातोरात पाडली जाते, म्हणजे नोंद व्हायला काही उरू नये. दोष गावकऱ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. ज्या कायद्यात स्मारकाशेजारी राहणाऱ्याला मिळत काहीच नाही आणि गमवावे सगळे लागते, त्याचा हा परिणाम आहे. शिवाय त्या कायद्याखाली वास्तू सुरक्षित राहतेच असे नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालानुसार प्रत्यक्ष पाहणी केलेल्या १,६५५ स्मारकांपैकी ९२ जागेवर सापडली नाहीत. २०२४ मध्ये यादीतून वगळलेल्या १८ स्मारकांत फरिदाबादच्या मुजेसर गावचा कोसमिनार, म्हणजे जुन्या रस्त्यावरचा अंतरदर्शक मनोरा, आणि दिल्लीतील बाराखंबा कबरस्तान ही दोन्ही आहेत. कोसमिनार आणि सराया एकाच रस्त्याच्या, एकाच व्यवस्थेच्या खुणा. त्यातली एक संरक्षित असूनही हरवली.

पण या आक्षेपातून संरक्षण नको असा निष्कर्ष काढणे चूक आहे. निष्कर्ष असा निघतो, की संरक्षणाचा हा एकच प्रकार सराईला लावू नये. दुसरा प्रकार हाताशी आहे, आणि त्याची सुरुवात मुंबईने केली. १९९५ च्या बृहन्मुंबई वारसा नियमावलीने इमारतींच्या तीन श्रेणी केल्या आणि खालच्या श्रेणीतील इमारतीत राहणे, वापर बदलणे, आतून फेरफार करणे यांना वाव ठेवला. शेजाऱ्याच्या बांधकामावर सरसकट बंदी तीत नाही. दिल्लीच्या इमारत उपविधींतही वारशाची तरतूद आणि वारसा संवर्धन समिती आहे, आणि २०१० मध्ये महापालिकेच्या हद्दीतील ७६७ वास्तू अधिसूचित झाल्या. त्याआधी १९९९ मध्ये इंटॅक या वारसा जतन करणाऱ्या संस्थेने दिल्लीतील १,२०८ वास्तूंची दोन खंडांत नोंद केली होती, आणि तिच्यात गावोगावच्या चौपालींनाही जागा मिळाली. चौपाल ही गावाची बैठकीची जागा, आणि वऱ्हाड उतरवण्याची, रात्रीच्या पाहुण्याला झोपायला देण्याचीही. मोठी सराई शाही रस्त्यावर आणि लहान निवारा चौपालीत, अशी ही जोडव्यवस्था होती. चौपालींचा कारभार अजून गावाकडे आहे, म्हणून त्या टिकण्याची शक्यता सरायांपेक्षा जास्त आहे.

अडचण आहे ती लाल डोऱ्याची. १९०८ च्या सुमारास महसुली नकाशावर गावठाणाभोवती लाल रेघ ओढली गेली, आणि १९६३ च्या अधिसूचनेने त्या रेघेच्या आतील बांधकामांना इमारत उपविधींतून सूट मिळाली. जिथे उपविधीच लागू नाहीत तिथे उपविधींतील वारसा श्रेणी कागदावर राहते. सराया तर नेमक्या याच रेघेच्या आत आहेत. तेव्हा दुरुस्ती हवी ती या जागी: लाल डोऱ्यातील सूट कायम ठेवावी, पण अधिसूचित सराई, चौपाल, बावडी आणि विहीर यांच्या बाबतीत वारसा समितीची संमती बंधनकारक करावी, आणि त्या बदल्यात मालकाला गमावलेल्या मजल्यांइतका बांधकाम हक्क दुसरीकडे वापरता किंवा विकता यावा. मुंबईत हस्तांतरणीय विकास हक्क म्हणून ही पद्धत परिचित आहे. भरपाईशिवाय बंधन घातले तर भिंती पाडल्या जाणारच.

नोंद कशाची करायची हेही ठरवावे लागेल. आज दरवाजा ही स्वतंत्र वास्तू म्हणून नोंदली जाते. त्याऐवजी संपूर्ण आवार हे एकक धरले पाहिजे: भिंतीची मूळ रेघ, उरलेल्या कोठड्या, विहीर, मशीद, दरवाजे आणि पटांगणाची मोकळी जागा, मग तिच्यावर आज झोपड्या असोत की वाहनतळ. अरब की सराय इथे हा धडा शिकण्यासारखा आहे. १५६० च्या दशकात हुमायूनच्या मकबऱ्याच्या बांधणीवेळी उभी राहिलेली ही सराई, तिच्या पूर्वेला जहांगीरच्या काळात मिहिर बानू आगाने वसवलेली मंडी आणि दोहोंचे दरवाजे १९९३ च्या जागतिक वारसा स्थळालगत असल्याने वाचले. जिथे शेजारी मोठा मकबरा नव्हता तिथे अशी सराई वाचली नाही. सराईला स्वतःच्या नावावर संरक्षण मिळायला हवे, थडग्याची शेजारीण म्हणून नव्हे.

वापराच्या बाबतीत एक मोह टाळावा लागेल. राजधानी क्षेत्रातच, तेव्हाच्या अलवर जिल्ह्यात, नीमराणाचा किल्ला १९९० च्या दशकारंभी हॉटेल झाला आणि पडक्या वास्तू वाचवण्याचा तो नमुना मानला जातो. किल्ल्यासाठी तो मार्ग स्वीकारार्ह असेल. सराईचे तसे करणे म्हणजे तिचा जीवच काढून घेणे आहे, कारण जिथे पैसे नसलेल्या माणसाला प्रवेश होता तीच जागा पैसेवाल्यापुरती उरते. जगात दुसरी उदाहरणे आहेत. जर्मनीत आउग्सबुर्ग येथील फुगराय ही गरिबांची वसाहत १५२१ मध्ये याकोब फुगरने स्थापन केली. १९४४ च्या बाँबहल्ल्यात ती मोडली, पुन्हा बांधली गेली, आणि आजही तिथल्या गरजू रहिवाशाला वर्षाकाठी एक युरोहूनही कमी भाडे पडते. इंग्लंडमध्ये विंचेस्टरचे सेंट क्रॉस हे धर्मादाय आश्रयस्थान बाराव्या शतकापासून चालू आहे. वृद्ध तिथे राहतात आणि दाराशी येणाऱ्या वाटसरूला पाव आणि पेय देण्याची प्रथा तिथे टिकून आहे. दोन्ही ठिकाणी इमारत संरक्षित आहे आणि तिच्यात गरजू राहतात. राहत्या माणसांमुळे ती खराब झाली नाही, उलट तिची रोजची निगा राखली गेली.

खर्चाचा प्रश्न शेवटी येतो, आणि तो वाटतो तितका मोठा नाही. सराईच्या भिंती दगडाच्या किंवा लाखोरी विटांच्या, जोडकाम चुना आणि सुरखीचे. पडझडीचे कारण बहुधा पाणी असते: छतावर उगवलेला पिंपळ, तुंबलेली पन्हाळ, भिंतीच्या पायाशी साचणारे सांडपाणी. ही कामे वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी करायची असतात. खरे नुकसान सिमेंटने होते. त्याच्या घट्ट गिलाव्याआड ओल अडकते आणि आतला चुना भुसभुशीत होतो. १८६७ च्या सराया कायद्यात सराई चालवणाऱ्याची कर्तव्ये लिहिली होती: ओवऱ्या, मोऱ्या आणि विहिरी साफ ठेवणे, उपद्रवी झाडोरा काढणे, ज्यांवरून चोर आत शिरू शकतील अशा फांद्या छाटणे, दरवाजे, भिंती, छपरे आणि गटारे दुरुस्त राखणे, पहारेकरी नेमणे आणि दरपत्रक लोकांना दिसेल असे लावणे. परदेशी सरकारने केलेल्या या कायद्यात स्मारकाचा विचार नव्हता, पण चालत्या इमारतीची निगा कशी राखावी हे त्यात नेमके सांगितले होते. आजच्या जतन आराखड्यात हीच कामे, चुन्याच्या गवंड्याच्या मजुरीसह, दरवर्षीच्या खर्चाची बाब म्हणून धरावी लागतील, आणि ती रक्कम आवारात राहणाऱ्या कुटुंबांच्या किंवा निवारा चालवणाऱ्या संस्थेच्या हाती थेट द्यावी लागेल.